साप नर की मादी? शेपटीवरून ओळखायची पद्धत, एकेक टप्पा नीट

सर्पमित्रांच्या नोंदवह्या तपासायला बसलं की जात, गाव, वेळ, सोडल्याची जागा हे रकाने बहुधा नीट भरलेले असतात. घोळ असतो तो ‘लिंग’ या एका रकान्यात. तिथे ठाम अक्षरात ‘मादी’ लिहिलेलं असतं. कशावरून लिहिलं असं विचारलं की उत्तरं ठरलेली: जाड होती, शांत होती, पोट फुगलेलं होतं. ‘नर’ का लिहिलं, तर फणा मोठा होता, रागीट होता. आणि एखाद्या गावात अजूनही धामणीसमोर ‘मादी’ असतं, कारण धामण ही नागाची मादी असं लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. धामण ही वेगळी जात आहे. तिच्यात नरही असतात, माद्याही असतात, आणि नागाशी तिचा जोडीदार म्हणून काही संबंध नाही.

वरच्यापैकी एकाही कारणावरून लिंग ठरत नाही. सापाचं लिंग सांगणारी बाहेरची खूण जवळपास सगळी शेपटीत असते, आणि शेपटी बघायचा एक क्रम आहे. तो क्रम मोडला की अनुभवी माणूसही चुकतो. तोच क्रम इथे मांडतो आहे.

## सुरू करण्याआधी

साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. नुसतं नर की मादी बघण्यासाठी साप पकडणं हा गुन्हा आहे. हा लेख वनखात्याच्या परवानगीनं बचावकार्य करणाऱ्यांसाठी आहे, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि रस्त्यावर मेलेल्या सापांच्या नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आहे. बाकीच्यांना कातीवरचा टप्पा खुशाल करून बघता येईल. महाराष्ट्रात घरात साप निघाला तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा, स्वतः काठी घ्यायची नाही.

जवळ काय हवं ते आधी जमवून ठेवा:

- सपाट तळाचा, घट्ट झाकणाचा, हवेसाठी बारीक भोकं पाडलेला पारदर्शक डबा. आपल्याकडे बरणी वापरायची सवय आहे, पण गोल बरणीच्या भिंतीतून आणि फुगीर तळातून शेपटी वाकडी आणि जाड दिसते.
- न ताणला जाणारा दोरा. लोकर, रबर, नायलॉनची लवचिक दोरी नको.
- स्टीलची पट्टी. शिंप्याकडची जुनी टेप ताणलेली असते, ती घेऊ नका.
- भिंग, विजेरी, मोबाईल, पेन्सिल आणि वही.

सावध: नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांच्या बाबतीत सगळं काम बंद डब्याबाहेरून करायचं. मोजमापासाठी विषारी सापाला हात लावायचा नाही. एक रकाना भरण्यासाठी कुणी दवाखान्यात जावं, इतकी त्या रकान्याची किंमत नाही.

## टप्पा १: शेपटी कुठे सुरू होते ते शोधा

बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका. सापाचं अंग आणि शेपटी यांच्यात वरून पाहिलं तर सीमा दिसत नाही. लोक अंदाजानं ‘शेवटचा वीतभर भाग’ म्हणजे शेपटी धरतात. साप उलट्या बाजूनं, म्हणजे पोटाकडून पाहिला की सीमा स्पष्ट दिसते. पोटावर आडव्या रुंद पट्ट्यांसारखे खवले एकापाठोपाठ येतात. ते जिथे संपतात तिथे एक आडवी चीर असते. हे अवस्कर. विष्ठा, मूत्र, अंडी किंवा पिल्लं सगळं इथूनच बाहेर येतं, आणि मीलनही इथूनच होतं. चिरेच्या पुढचा, म्हणजे टोकाकडचा सगळा भाग ही शेपटी.

अवस्करावर झाकणासारखा एक खवला असतो. नागात आणि घोणशीत तो अखंड असतो, धामणीत मधोमध दुभंगलेला. नवशिके हा दुभंग पाहून लगेच ‘मादी’ म्हणतात. हा खवला जात ओळखायला उपयोगी पडतो, लिंगाबद्दल तो काहीही सांगत नाही.

अवस्करानंतर बहुतेक सापांत शेपटीखालचे खवले जोडीजोडीनं लागतात, मधून नागमोडी शिवण गेल्यासारखी दिसते. मण्यार आणि फुरसे यांच्यात मात्र शेपटीखालीही एकेरीच खवले असतात. त्यामुळे ‘जोडी सुरू झाली की शेपटी’ हा नियम त्यांना लागू पडत नाही. तिथे चीरच शोधावी लागते.

तपासा: फोटोत तुम्हाला आडवी चीर बोट ठेवून दाखवता येते का? येत नसेल तर पुढे जाऊ नका, फोटो पुन्हा काढा.

## टप्पा २: आत काय आहे ते डोळ्यांपुढे आणा

नर सापाला एक नव्हे, दोन जननेंद्रियं असतात. त्यांना अर्धशिश्नं म्हणतात. एरवी ती मोजा उलटा केल्यासारखी आत वळून शेपटीच्या बुंध्यात, अवस्कराच्या मागे डावी-उजवीकडे पडून असतात. मीलनाच्या वेळी दोहोंपैकी एकच बाहेर येतं. त्यांना परत आत ओढणारे स्नायू शेपटीच्या मणक्यांना बरेच मागे जाऊन चिकटलेले असतात. एवढं सामान मावायचं तर जागा हवी. म्हणून नराच्या शेपटीचा बुंधा भरलेला असतो आणि शेपटीही अंगाच्या मानानं लांब असते.

मादीच्या शेपटीत अशा नळ्या नसतात. तिथे दुर्गंधी स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. त्या नरातही असतात, त्यामुळे पकडल्यावर घाण वास सोडला म्हणजे मादी, हेही खरं नाही. मादीची शेपटी अवस्करानंतर लवकर बारीक होते आणि बहुधा आखूड असते.

पुढचे सगळे टप्पे याच एका फरकावर उभे आहेत. त्यामुळे एखादी खूण ‘का’ दिसते हे विसरलात, तर ती कधी फसवते हेही कळणार नाही.

## टप्पा ३: सराव कातीवर करा

जिवंत सापाकडे जाण्याआधी निदान पाच-सहा कातींवर हात बसवा. कातीत विष नाही, घाई नाही, आणि खवल्यांची संख्या जशीच्या तशी उमटलेली असते.

कात बहुधा उलटी झालेली मिळते, आतली बाजू बाहेर. कोरडी कात ओढली की फाटते. तिच्यावर पाण्याचा हलका फवारा मारा, मऊ झाली की पांढऱ्या कागदावर पसरा आणि पोटाची बाजू वर घ्या. अवस्कराची चीर शोधा. तिथून टोकापर्यंत खवले मोजा. टोक शाबूत आहे का ते आधी बघा. शेवटी सुईसारखा निमुळता एकच खवला असेल तर शेपटी पूर्ण आहे. कातीची शेपटी बऱ्याचदा दगडात किंवा काटेरी फांदीत अडकून राहते, तशा कातीवरून लिंग ठरवायला जाऊ नका.

एक गोष्ट ध्यानात घ्या. कात उतरताना ताणली जाते, त्यामुळे तिची लांबी सापापेक्षा जास्त भरते. कातीवरून ‘सात फुटी नाग’ ठरवणारे इथेच फसतात. खवले मात्र ताणल्यानं वाढत नाहीत. म्हणून कातीवर लांबीपेक्षा खवल्यांच्या संख्येवर विश्वास ठेवा.

तपासा: एकच कात दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा. आकडे जुळेपर्यंत जिवंत सापाची नोंद करायला जाऊ नका.

## टप्पा ४: जिवंत सापाचे फोटो खालून काढा

बचावलेला साप डब्यात आला, झाकण बसलं, कुलूप किंवा चिकटपट्टी लागली की डबा दोन विटांवर किंवा दोन स्टुलांच्या मधे असा ठेवा की तळ खालून दिसेल. विजेरीचा उजेड बाजूनं पाडा, समोरून नको, नाहीतर प्लास्टिक चमकतं. तळाला बाहेरून पट्टी चिकटवा. मग खालून, मोबाईल तळाशी समांतर धरून फोटो काढा.

तीन फोटो लागतात: अवस्कर आणि शेपटीचं टोक एकाच चौकटीत येईल असा एक, अवस्कराच्या आसपासचा जवळून एक, आणि शक्य झालं तर पूर्ण सापाचा एक. साप वेटोळं करून बसला तर वाट बघा. तो सरळ व्हावा म्हणून डबा हलवणं, आपटणं चुकीचं आहे. उन्हात तर डबा एक मिनिटही ठेवायचा नाही. बंद प्लास्टिकमध्ये साप फार लवकर तापतो आणि मरतो. दहा मिनिटांत मनासारखा फोटो मिळाला नाही तर प्रयत्न सोडा आणि साप सोडायच्या कामाला लागा.

बिनविषारी सापांची मोजमापं हातात घेऊन करायची असतील तर दोन माणसं हवीत. एक सापाला दोन-तीन ठिकाणी आधार देऊन धरतो, दुसरा दोरा लावतो. शेपटी धरून साप लटकवायचा नाही. त्याच्या मणक्यांवर सगळं वजन येतं, आणि लटकलेल्या सापाची शेपटी ताणल्यामुळे मापही चुकतं.

## टप्पा ५: बुंधा वाचा

आता फोटोत अवस्कराच्या चिरेपासून टोकाकडे नजर न्या. नरात चिरेनंतर शेपटी काही अंतर जवळपास तेवढीच जाड राहते, कधी किंचित फुगते, मग सावकाश निमुळती होते. मादीत चिरेनंतर लगेच ‘खांदा पडल्यासारखी’ बारीक होते. घोणस आणि फुरसे यांची शेपटी आखूड असल्यामुळे हा फरक त्यांच्यात चांगला दिसतो. हरणटोळासारख्या दोऱ्यागत शेपटीच्या सापात तो जवळपास दिसतच नाही. धामणीतही शेपटी इतकी लांब आणि सावकाश उतरणारी असते की नुसत्या नजरेनं मी तरी ठामपणे सांगत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका:

फुगवटा चिरेच्या आधी असेल तर तो विष्ठेचा किंवा अंड्यांचा असू शकतो. लिंगासाठी बघायचा तो चिरेच्या नंतरचा भाग. हा गोंधळ इतक्या वेळा पाहिला आहे की फोटोवर चिरेच्या जागी रेघ मारूनच मग बुंधा बघायची सवय लावा.

अंड्यातून नुकत्याच निघालेल्या किंवा जन्मलेल्या पिल्लांत बुंधा भरलेला नसतो. पिल्लं मोठ्या संख्येनं ‘मादी’ म्हणून नोंदली जातात ती याचमुळे.

उपाशी, आजारी साप एकूणच रोडावतो, त्याचा बुंधाही सुकतो. आणि धष्टपुष्ट मादीच्या शेपटीत चरबी साठली की ती नरासारखी दिसते.

## टप्पा ६: शेपटीचं प्रमाण काढा

दोन मापं घ्या. तोंडाच्या टोकापासून अवस्कराच्या चिरेपर्यंत एक, आणि चिरेपासून शेपटीच्या टोकापर्यंत दुसरं. दोरा पोटाच्या मध्यरेषेवरून, वळणांसह न्यायचा आणि मग पट्टीवर सरळ करून मोजायचा.

समजा पहिलं माप ९६ सेंमी आलं आणि शेपटी ३२ सेंमी. एकूण लांबी १२८ सेंमी. प्रमाण काढताना शेपटीला एकूण लांबीनं भागा: ३२ भागिले १२८, म्हणजे ०.२५. एकाच गटातले काही जण शेपटीला अंगाच्या लांबीनं भागतात, त्यांचं उत्तर ०.३३ येतं, आणि मग वर्षाखेरीस एकाच जातीचे ‘दोन प्रकार’ वहीत दिसू लागतात. गटानं एक रीत ठरवा आणि ती वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हा आकडा एकटा काही बोलत नाही. त्याच जातीच्या, शक्यतो त्याच भागातल्या, लिंग नक्की माहीत असलेल्या सापांशी तो ताडायचा असतो. नराचं प्रमाण सरासरीनं जास्त, मादीचं कमी. पण दोघांचे आकडे मधे एकमेकांत मिसळतात. त्या मिसळलेल्या पट्ट्यात तुमचा आकडा पडला तर या टप्प्याचं उत्तर ‘कळत नाही’ एवढंच.

सावध: शेपटीचं टोक तुटलेलं असेल तर हा टप्पा आणि पुढचा टप्पा दोन्ही रद्द. धामण आणि दिवड यांच्यात तुटक्या शेपट्या वरचेवर दिसतात. जुनी जखम भरून टोक गुळगुळीत, बोथट झालेलं असतं आणि घाईत ते पूर्णच वाटतं. तुटक्या शेपटीचा नर मापावर हटकून मादी ठरतो.

## टप्पा ७: शेपटीखालचे खवले मोजा

फोटो मोठा करा. अवस्करानंतरची पहिली जोडी म्हणजे एक. जोड्या असतील तर एकाच बाजूचे, डावे किंवा उजवे, खवले मोजायचे. मधेच बाजू बदलली की आकडा बिघडतो. प्रत्येक दहाव्या खवल्यावर टिंब द्या. टोकाचा निमुळता खवला मोजायचा नाही. धामणीत मोजणी शंभरीपार जाते, तेव्हा टिंबं न देता मोजणारा माणूस नक्की चुकतो.

दोन जणांनी एकमेकांना न सांगता मोजा. एकाचा फरक चालेल, त्याहून जास्त असेल तर तिसऱ्यांदा मोजा.

बऱ्याच जातींत शेपटीखालचे खवले नरात जास्त असतात, आणि पोटावरच्या रुंद पट्ट्या मादीत जास्त. म्हणून जमलं तर पोटाचेही खवले मोजा. दोन्ही आकडे एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर पारडं जड होतं. इथेही तीच मर्यादा: ताडून पाहायला त्याच जातीचे खात्रीचे आकडे हवेत.

## टप्पा ८: जातीप्रमाणे काय बघायचं

अजगर, मांडूळ आणि डुरक्या घोणस. यांच्या अवस्कराच्या दोन्ही बाजूंना बारीक नख्या असतात. मागच्या पायांचे ते उरलेले अवशेष. नरात त्या मोठ्या, वाकड्या, ठळक. मादीत बारीक किंवा खवल्याखाली दडलेल्या. नर मीलनाआधी या नख्यांनी मादीच्या अंगावर घासतो. ही चांगली खूण आहे, पण वयस्कर मादीच्या नख्याही वाढलेल्या असतात आणि नराच्या झिजलेल्या, म्हणून बुंध्याची जोड द्या. मांडूळाबाबत एक वेगळी सूचना. अंधश्रद्धेपायी मांडूळाची तस्करी होते आणि तिच्यात वजनाला भाव असतो. मांडूळाचं वजन आणि लिंग कुणी अनोळखी माणूस फोनवर विचारत असेल तर माहिती देऊ नका, वनखात्याला कळवा.

धामण. इथे नर मादीपेक्षा मोठे होतात. ‘मोठा साप म्हणजे मादी’ हा नियम इथे उलटा पडतो. नागराजाचंही तसंच.

दिवड, नानेटी, हरणटोळ, घोणस. इथे माद्या मोठ्या आणि जाड होतात. तरीही आकारावरून लिहू नका, कारण वाढत्या वयाची मादी आणि पूर्ण वाढलेला नर एकाच मापाचे असतात.

नाग. फणा, फण्यावरचा दहाचा आकडा, रंग, फुत्कार यांपैकी कशातही लिंग नाही. नर आणि मादी दोघंही फणा काढतात. ‘नागीण’ ही गोष्टीतली आहे, वहीत नागाची मादी एवढंच लिहा.

वाळा. कुंडीतल्या मातीत निघणारा, गांडुळासारखा दिसणारा हा साप. याच्यावर वेळ घालवू नका. आतापर्यंत तपासलेले सगळे वाळे माद्याच निघाले आहेत. नराशिवाय अंडी घालून ही जात चालते. मात्र लहान बारीक सापाला सरसकट वाळा म्हणू नका, जात आधी पक्की करा.

## टप्पा ९: वागणुकीवरून ठरवू नका

शेतात दोन साप एकमेकांना पीळ घालून, अंगाचा पुढचा भाग उचलून झुलताना दिसले की गाव जमा होतं. कुणी पांढरं कापड टाकायला धावतं, मोबाईलवर ‘नाग-नागिणीचं मीलन’ म्हणून चित्रफीत फिरते. नीट बघा: बहुधा त्या दोन धामणी असतात, आणि दोन्ही नर. मादीसाठी चाललेली ती कुस्ती असते. प्रत्येकाचा प्रयत्न दुसऱ्याची मान खाली दाबायचा असतो. घोणशीचे नरही अशी झुंज करतात.

खरं मीलन याहून शांत असतं. अंगं जमिनीलगत असतात, नर मादीवर किंवा बाजूला पसरलेला, शेपट्या एकमेकींत गुंतलेल्या आणि अवस्कर जुळलेले. पुढचा भाग हवेत उचलून ढकलाढकली नसते. वहीत दोन्हींची नोंद वेगळी करा आणि जवळ जाऊ नका. दोन्ही प्रसंगांत सापांना एकटं सोडणं एवढंच आपलं काम.

पोट फुगलेलं दिसलं तर फुगवटा कुठे आहे ते बघा. भक्ष्य गिळलेलं असेल तर बहुधा अंगाच्या मध्यावर एकच ठळक गाठ दिसते. अंडी किंवा पिल्लं असतील तर अवस्कराच्या आधीचा मागचा भाग लांबवर भरलेला दिसतो. पोट दाबून बघायचं नाही. दाबल्यानं अंडी फुटतात आणि गिळलेलं भक्ष्य साप ओकून टाकतो.

## टप्पा १०: मेलेला साप

रस्त्यावर मेलेला साप ही खात्रीची नोंद मिळवायची सर्वांत चांगली संधी आहे, आणि ती आपण वाया घालवतो. आधी सुरक्षितता: मेलेल्या किंवा डोकं तुटलेल्या विषारी सापाचं तोंडही काही काळ चावू शकतं. डोक्याकडे हात न्यायचा नाही. दोन काठ्यांनी साप रस्त्याच्या कडेला घ्या, वाहनांकडे लक्ष ठेवा. उचलून घरी आणायचा नाही, तिथेच फोटो काढून मोजायचं.

चाकाखाली दबल्यानं किंवा आगीत होरपळल्यानं नराची अर्धशिश्नं बाहेर पडतात. अवस्कराच्या दोन्ही बाजूंना गुलाबी-तांबूस, कधी काटेरी, बोंडासारखे दोन अवयव दिसतात. ‘सापाला पाय फुटले’ असं गावात म्हणतात ते हेच. दोन्ही बाजूंना, चिरेतूनच, सारखे दोन अवयव दिसले तर नर नक्की. एकाच बाजूनं काहीतरी लोंबत असेल तर ते आतडं किंवा अंडनलिकाही असू शकतं, तेव्हा थांबा.

जिवंत सापात असं काही बाहेर राहिलेलं दिसलं तर ते लिंग ओळखायचं निमित्त नाही, ती दुखापत आहे. तो भाग ओला ठेवा, आत ढकलू नका, आणि वनखात्यामार्फत पशुवैद्याकडे न्या.

शवविच्छेदनाला हजर राहायची संधी मिळाली तर पशुवैद्यांना जननग्रंथी दाखवायला सांगा. नराच्या वृषणांची जोडी फिकट, लांबट, गुळगुळीत असते. मादीच्या अंडाशयात दाण्यांची माळ असल्यासारखे लहानमोठे पिवळसर गोळे दिसतात. दोघांतही उजवी ग्रंथी डावीच्या पुढे, डोक्याकडे असते. पिवळट चरबीच्या पट्ट्या पाहून अंडी समजण्याची चूक विद्यार्थी नेहमी करतात. चरबी पट्ट्यांत पसरते, अंड्यांना कड असते.

असे खात्रीचे नर आणि मादी जमत गेले की टप्पा ६ आणि ७ मधले आकडे ताडून बघायला तुमच्या तालुक्याचं स्वतःचं माप तयार होतं. बाहेरून आणलेल्या आकड्यांपेक्षा ते कितीतरी उपयोगी पडतं.

## टप्पा ११: सळईचा मोह टाळा

चित्रफितींत लोक बोथट टोकाची बारीक धातूची सळई अवस्करातून शेपटीच्या दिशेनं घालून लिंग सांगताना दिसतात. नरात सळई आत वळलेल्या अर्धशिश्नाच्या पोकळीत बरीच खोल जाते, मादीत थोड्याच खवल्यांच्या अंतरावर अडते. तत्त्व बरोबर आहे. हात चुकला की काय होतं ते मात्र चित्रफितीत दिसत नाही. घाबरलेला नर स्नायू आवळतो आणि सळई अडते, तो मादी ठरतो. जोर लावला की मादीच्या आतली भिंत फाटते, सळई खोल जाते आणि ती नर ठरते. म्हणजे उत्तरही चूक आणि प्राणीही जखमी. जंतुसंसर्ग वरून वेगळा.

पिल्लाच्या शेपटीचा बुंधा अंगठ्यानं दाबून अवयव बाहेर काढायची रीतही आहे. त्यात पिल्लाचे मणके आणि ऊती चिरडतात. या दोन्ही गोष्टी शिकलेल्या पशुवैद्याच्या किंवा परवानगी असलेल्या संशोधकाच्या हातात राहू द्या. बचावकार्यात यांना जागा नाही.

## टप्पा १२: नोंद अशी लिहा

रकान्यात तीनच शब्द ठेवा: नर, मादी, अनिश्चित. पहिले दोन तेव्हाच, जेव्हा निदान दोन वेगळ्या खुणा एकच सांगतात. बुंधा आणि खवले, किंवा नख्या आणि बुंधा. बुंधा आणि शेपटीचं प्रमाण या दोन खुणा तशा जवळच्या आहेत, तरी एकट्या बुंध्यापेक्षा बऱ्या. बाहेर आलेली अर्धशिश्नं, अंडी घालताना किंवा पिल्लं देताना पाहिलेली मादी, आणि शवविच्छेदन, या खुणा मात्र एकट्याही पुरतात.

शेजारी कारण लिहाच. नमुना असा: ‘घोणस, मादी. चिरेनंतर शेपटी लगेच बारीक, मागचा भाग भरलेला, टोक शाबूत, फोटो ३.’ किंवा: ‘धामण, अनिश्चित. टोक तुटलेलं, बुंधा अस्पष्ट, फोटो २.’ दुसरी नोंद पहिलीइतकीच चांगली आहे. नवीन मुलांना हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ‘अनिश्चित’ लिहायला त्यांना कमीपणा वाटतो आणि मग ती अंदाजानं रकाना भरून टाकतात. तो अंदाज पुढे कुणीतरी मोजणीत धरतं.

मागचा भाग भरलेली मादी असेल तर त्या नोंदीवर लगेच हालचाल करायची असते. घोणस अंडी घालत नाही, पिल्लं देते. डब्यात किंवा पिशवीत ठेवलेल्या मादीनं रातोरात पिल्लं दिल्याचे प्रसंग घडतात, आणि ती पिल्लं जन्मल्यापासून विषारी असतात. अशा वेळी पिशवी न पाहता उघडणाऱ्याचा हात थेट त्यांच्यात जातो. म्हणून भरलेल्या मादीच्या डब्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहा, वनखात्याला त्याच वेळी कळवा, प्रदर्शन किंवा फोटोसाठी तिला थांबवू नका, आणि पकडल्या जागेपासून शक्य तितक्या जवळ, आडोसा असलेल्या जागी, त्याच दिवशी सोडा.